पहिल्या पानाची बोली

शहराचं नळपाणी खासगी कंपनीकडे गेलं आणि गोरगरिबांचे नळ कोरडे पडले. ‘दैनिक नदीकाठ’च्या शेवटच्या पानावर ही बातमी लागत होती, तेवढ्यात कंपनीचे मालक विक्रांतशेठ संपादक शरयूताईंसमोर येऊन बसले.

“ताई, जमाना बाजाराचा आहे. ज्या मालाला जास्त बोली, तो दुकानात पुढे. असलं रडगाणं कोण विचारतंय? बातमी काढा, वर्षभर पानभर जाहिरात देतो.”

शरयूताईंनी शांतपणे पानं लावणाऱ्या बाबूरावांना हाक मारली.

“बाबूराव, नळाची बातमी पहिल्या पानावर घ्या. शेठचाच नियम आहे. एवढी मोठी बोली आपल्या कुठल्याच बातमीला आजवर लागली नव्हती!”

जाहिरात गेली ती गेलीच. पण सकाळी चौकाचौकात लोक अंक उंचावून सांगत होते, “हा आमचा पेपर!”