चिमीचे पाय आणि उन्हाची परी

डोंगराच्या कुशीत, दाट चिंचांच्या सावलीत एक इवलंसं घर होतं. त्या घराला खिडकीच नव्हती. आत मंजुळाबाई दिवसभर मागावर लुगडी विणायची आणि तिची थोरली लेक सगुणा धाकट्या चिमीला सांभाळायची. चिमी दोन वर्षांची झाली तरी चालत नव्हती. तिचे इवले इवले पाय धनुष्यासारखे वाकले होते. उभं केलं की ती मुळूमुळू रडायची.

एका सकाळी सगुणा रानात सरपण वेचत होती. गार सावलीत, गवताच्या पात्याखाली काहीतरी लुकलुकलं. ती होती एक चिमुकली परी! तिचे पंख दवाने भिजून चिकटले होते. सगुणाने तिला अलगद तळहातावर घेतलं आणि उन्हात धरलं. हात अवघडला, तरी ती हलली नाही. हळूहळू पंख सुकले, फुलले. केशरी, पिवळे, गुलाबी रंग झळाळले.

"बाळ, एक इच्छा माग," परी म्हणाली.

"माझ्या चिमीचे पाय सरळ कर."

परी म्हणाली, "आत्ता करते. पण ते संध्याकाळपर्यंतच टिकतील. कायमचे हवे असतील तर वाट बघावी लागेल. रोज चिमीला हातपाय उघडे ठेवून उन्हात खेळव. आणि दवाखान्यातल्या बाई देतील ते औषध चुकवू नकोस. तिची हाडं ऊन मागताहेत गं."

आजच्या आज चिमीला धावताना बघावं, असं सगुणाला फार फार वाटलं. तिने डोळे घट्ट मिटले. "कायमचे," ती म्हणाली.

घरी आई ऐकेना. "उन्हात? पोरगी काळी पडेल!"

"काळी पडू दे गं आई, पण चालू दे!"

मंजुळाबाईचा हात मागावरच थांबला. तिने चिमीकडे कितीतरी वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी तीच चिमीला दवाखान्यात घेऊन गेली.

महिने गेले. मैत्रिणी खेळायला बोलवायच्या, पण सगुणा आधी चिमीला उन्हात न्यायची. पाय तसेच दिसले की खट्टू व्हायची. तरी एकही दिवस चुकला नाही.

आणि एके दिवशी चिमीने ताईचं बोट सोडलं. एक पाऊल. मग दुसरं! दारात उभ्या आईने पदर तोंडाशी धरला.

"परीताई, तू केलंस हे!" सगुणा ओरडली.

"मी नुसतं सांगितलं. रोज तिला उन्हात आणलंस तू," समोर उन्हात अवचित तरंगू लागलेली परी हसली. ती उजळत गेली, उजळत गेली आणि लखलखीत उन्हात विरून गेली.

तिला पकडायला चिमी दुडुदुडु धावली.