झांज कोणाच्या हाती

शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तर सांभाळून घ्या. माझी शाळा लहानपणीच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

फार पूर्वी डोंगराआडच्या एका वाडीत गाणं शिकवणारे एक गुरुजी होते. त्यांना घरचं माणूस कोणी नव्हतं. दिवसभरात पोरांच्या गाण्याचा वर्ग, तेवढीच काय ती सोबत.

वर्गात झांज एकच. गुरुजी सांगायचे, "जो गप्प बसून ऐकेल, त्याला झांज." पण गाणं सुरू झालं की सुभान्या ओरडायचा, "गुरुजी, मला! मला!" त्याला गप्प करायला गुरुजी झांज त्याच्याच हातात द्यायचे. हळूहळू सगळीच पोरं ओरडायला शिकली. भरल्या वर्गात गुरुजी एकटेच गात राहायचे.

भिंतीशी हौसा नावाची मुलगी मात्र गप्प बसायची. गुडघ्यावर बोटांनी हळूच ठेका धरायची. एक दिवस ती आली नाही. मग येईनाशीच झाली.

"हौसा कुठंय रे?" गुरुजींनी विचारलं.

"ती होय? ती असली काय, नसली काय!" सुभान्या म्हणाला. पोरं हसली.

संध्याकाळी गुरुजी तिच्या घरी गेले. ती गोठ्यात एकटीच बसली होती. शिकवलेलं गाणं शेळीला म्हणून दाखवत होती, अगदी सुरात.

"वर्गात का येत नाहीस गं?"

"गप्प बसलं की झांज मिळते म्हणालात. मी बसले की."

"मग?"

"मग काय? सुभान्या ओरडला." शेळीला कुरवाळत तिनं विचारलं, "गुरुजी, उद्यापासून मी पण ओरडू का?"

"उद्या एकदा ये," एवढंच गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती आली, भिंतीशी बसली. पहिलं कडवं संपताच सुभान्या ओरडला. सवयीनं गुरुजींचा हात त्याच्याकडे वळला. हौसानं मान खाली घातली.

गुरुजी थांबले. उठून भिंतीपाशी गेले. "हौसानं पहिलं कडवं पूर्ण ऐकलं. म्हणून झांज हौसाला."

सुभान्या पाय आपटत बाहेर उंबऱ्यावर जाऊन बसला. गुरुजी त्याची समजूत काढायला गेले नाहीत. हौसानं झांज वाजवली, हलक्या हातानं, बरोबर ठेक्यावर. ती ऐकायला पोरं एकेक करून गप्प झाली.

जरा वेळानं सुभान्या आत आला आणि तोंड फुगवून खाली बसला. गुरुजींनी लगेच म्हटलं, "सुभान्या ऐकतोय. शाब्बास! पुढच्या गाण्याला झांज सुभान्याला."

"पण आत्ता तर मी ओरडलोच नाही!"

"म्हणून तर."

त्या दिवशी पहिल्यांदाच गुरुजींबरोबर सगळा वर्ग गायला.

तात्पर्य एवढंच, की आपण ज्याच्याकडे आधी बघतो, मुलं त्याच्यासारखंच वागायला शिकतात. नीट वागणाऱ्याला त्याच वेळी शाब्बास म्हणावं. त्याला वाट बघत एकटं ठेवू नये.

ही गोष्ट लिहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी पिठाची गिरणी उघडली. घाई करणाऱ्यांचे डबे तसेच राहू दिले. कधीची गप्प उभी असलेली एक लहान मुलगी होती, तिचं दळण आधी घेतलं. शाब्बास म्हणायचं होतं. ते तेवढं राहिलं.