राहिलेला शब्द

“कुठला शब्द? मला कुठला शब्द कळत नाही तेवढा सांगा, आणि मग खुशाल नाही म्हणा!”

प्राध्यापक निशिकांत ढमढेरे मठीच्या ओट्यावर उभे होते. विद्वान माणूस चिडला की जास्तच शुद्ध बोलतो.

“एकच राहिलाय,” हौसामाई म्हणाल्या.

जुन्नरकडच्या घाटमाथ्यावरची ही माईंची मठी. माईंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पोथीतली अक्षरं एकटीनं जुळवत त्या वाचायला शिकल्या, आणि त्याचा त्यांना ताठा होता. असावाच. ढमढेरे तीन वर्षं त्यांच्याकडे अनुग्रह मागत होते. तीन वर्षं एकच उत्तर... एक शब्द राहिलाय.

“आज नाही म्हणालात, तर ही पायरी पुन्हा चढणार नाही.”

“बरं. काय आणलंयस?”

ढमढेऱ्यांनी वही उघडली. थंडीला कोण कुठला शब्द जोडतं, यावर त्यांचं पुस्तक व्हायचं होतं.

“कडाक्याची थंडी. बोचरी थंडी. गुलाबी थंडी.”

“अंगावर शाल असली की गुलाबीच.”

ढमढेऱ्यांनी खांद्यावरची शाल सावरली. सत्कारातली होती.

“इंग्रजीत थंडी चावते. कडूसुद्धा असते.”

“चाखली कुणी?”

“आणि पडसं झालं की इंग्रज म्हणतो, मी थंडी पकडली.”

“पकडली? आम्हाला तर तीच पकडती.”

तेवढ्यात येसू धनगर दुधाचा तांब्या घेऊन ओट्यावर आला. म्हातारा रोज यायचा. आज अंगावर घोंगडं नव्हतं.

“घोंगडं कुठाय रं?”

“पहाटं मेंढी व्याली, माई. कोकरावर घातलंय.” तांब्यातलं दूध हिंदकळत होतं. “लई थंडी वाजतीया.”

ढमढेऱ्यांचे डोळे चमकले.

“पाहिलंत? वाजते! हिंदीत लागते, इंग्रजाला नुसती जाणवते. आपल्याकडेच वाजते! बाबा, नेहमी ‘वाजते’च म्हणता, की ‘भरते’ही म्हणता?”

येसूनं उत्तराला तोंड उघडलं. त्याचे दात दातांवर आपटत होते.

ढमढेऱ्यांनी वाक्य लिहून घेतलं. तारीख घातली. खाली रेघ मारली.

माई उठल्या. ढमढेऱ्यांच्या खांद्यावरची शाल त्यांनी ओढून काढली, येसूभोवती गुंडाळली, आणि पुन्हा जागेवर येऊन बसल्या.

“माई, ही काय रीत झाली? मी विचारायला आलोय...”

“विचार की.”

घाटातून वारा वर आला. ओट्याला त्या बाजूनं भिंत नव्हती.

ढमढेरे ताठ उभे राहिले. मानी माणूस. शाल आपण दिलेली नव्हती म्हणावं, तर म्हाताऱ्याच्या अंगावरून काढून कशी घ्यायची? हात काखेत गेले. वही खाली पडली, ती उचलायलासुद्धा हात बाहेर निघेनात.

येसूनं आत जाऊन चुलीवर दूध ठेवलं. ते तापेपर्यंत ढमढेऱ्यांचेही दात आपटू लागले.

“माई...”

“हं.”

“मला... थंडी वा... वाजतेय.”

माईंनी कानामागं हात धरला.

“मघाशी तुझ्या शेजारीच वाजत होती, मास्तर. तवा ऐकू नाही आली?”