अक्षत पाळणा

एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, आणि त्या गावात गाण्यांची एक कोठी होती. इतर गावांत धान्य साठवतात, इथे गाणी साठवत. कुणी देवळात गावो की शेतात, त्याचं गाणं ध्वनिमुद्रित करून कोठीतल्या संगणकात जपून ठेवलं जाई. गाणारा माणूस गेला, की त्याच्या वर्षाच्या दिवशी सकाळी त्याचं एक गाणं कोठीच्या भोंग्यांवरून साऱ्या गावाला ऐकवत. तेवढा वेळ हातातलं काम थांबवायचं, अशी रीत होती.

रीतीला नियम एकच. गाणं अक्षत हवं. देवाला मोडका तांदूळ वाहत नाहीत, तसंच हे. गाणं साठवताना काही यंत्रं जागा वाचवण्यासाठी आवाजातले बारीक अंश गाळून टाकतात. फाइल लहान होते, फोनवरून चटकन जाते, पण जे गाळलं ते गेलंच. अशा फाइलला गाव ‘कणी’ म्हणे. जिच्यातलं काहीच गाळलेलं नाही, तिला शहरात लॉसलेस म्हणत, गावात ‘अक्षत’.

कोठी सांभाळणारा कोठीवाला पन्नाशीचा होता, मोजकं बोलणारा. आलेली फाइल खरंच अक्षत आहे का, हे पाहून वहीतल्या तिच्या नोंदीवर ‘अक्षत’ असा शिक्का मारणं त्याचं काम. फाइलच्या नावावर विसंबून चालत नसे. कणीची फाइल पुन्हा मोठी करून तिला अक्षतेचं नाव देता येतं. दुधात पाणी घातलं तरी भांडं भरतंच. म्हणून तो प्रत्येक गाण्याचं चित्र पडद्यावर काढून बघे. चित्रात खाली जाड आवाज, वर बारीक आवाज. खऱ्या गाण्याचं चित्र वर वर जाताना विरळ होत जाई, डोंगरमाथ्यावरच्या गवतासारखं. फुगवलेल्या कणीचं चित्र मात्र एका उंचीवर सुरीने कापल्यासारखं संपे, आणि त्याच्या वर नुसता काळोख.

गावातल्या किराणा दुकानदाराने वडिलांचं भजन आणलं होतं, ते असंच निघालं. कोठीवाल्याने हात जोडून ते परत दिलं. दुकानदार पुढे बरेच दिवस त्याला बघून तोंड फिरवायचा.

कोठीवाल्याची बायको बारशाला पाळणा म्हणायची. गावात कुठेही बाळ जन्मलं, की बाराव्या दिवशी तिला बोलावणं ठरलेलं. एका हाताने पाळण्याची दोरी ओढत ती गायची, आणि बाळाचं नाव तिच्या गाण्यातूनच पहिल्यांदा गावाला कळायचं. कोठीवाल्याने साऱ्या गावाची गाणी मुद्रित केली, तिचं तेवढं राहिलं. घरातलीच तर आहे, करू निवांत, असं तो म्हणे. माझा घसा काय पळून जातोय, असं ती म्हणे. मग एका आजारात ती गेली.

वर्ष जवळ आलं तसं गाव हळूच विचारू लागलं. कोठीवाला मान हलवून विषय बदलत असे. ज्या कोठीत सगळ्यांची गाणी होती, तिथे तिचं एकही नव्हतं, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

एका दुपारी त्याचा मेहुणा शहरातून आला. पाणी प्यायच्या आधीच त्याने खिशातून छोटी पेनड्राइव्ह काढून पुढे धरली. ताईचा पाळणा मिळाला होता. कुणीतरी कुणाला फोनवर पाठवलेला, फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोहोचला होता.

“दाजी, भली मोठी फाइल आहे,” तो म्हणाला. “अक्षतच आहे.”

कोठीवाल्याने लावलं, आणि खोलीत तिचा आवाज आला. मागे कुणाचं तरी बाळ टाहो फोडून रडत होतं आणि ती न डगमगता गात होती. गाणं संपल्यावर कोठीवाल्याने सवयीने चित्र काढलं.

चित्र मध्येच कापलेलं होतं. वर काळोख.

मेहुण्याला चित्रातलं काही कळत नव्हतं, दाजींचा चेहरा कळत होता. तो खाली बघून म्हणाला, की फाइल अगदीच लहान होती, ती तुमच्या नियमात बसणार नाही म्हणून शहरातल्या एका दुकानात मोठी करून घेतली. फसवायचं नव्हतं. ताईचं वर्ष सुनं जाऊ नये, एवढंच मनात होतं.

कोठीवाला रागावला नाही. रागवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बातमी पाटलांच्या कानावर गेली. ते स्वतः कोठीत आले आणि खुर्ची ओढून बसले. चित्र वाचता येणारा गावात तूच एक, तेव्हा शिक्का मारून मोकळा हो, असं त्यांनी समजावलं. गावाला पाळणा ऐकायचा आहे, चित्र कोण बघतंय? आणि आवाज तर तिचाच आहे ना?

आवाज तिचाच होता, तीच तर अडचण होती. एक शिक्का मारला की काम झालं असतं, आणि जन्मात कुणी विचारलं नसतं. नाही मारला, तर वर्षाच्या दिवशी भोंगे मुके राहिले असते. पाटील गेल्यावर त्याने पाळणा पुन्हा ऐकला. गाण्यामागे एक बारीक खरखर होती, वाळू सांडावी तशी. ती कसली, ते त्याला ओळखता येईना. आणि जे आपल्यालाच ओळखता येत नाही, ते पूर्ण आहे असं गावाला कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी त्याने गावाला पारावर बोलावलं. पाळणा सगळ्यांना ऐकवला आणि साध्या शब्दांत सांगितलं, “ही कणी आहे. अक्षत नाही. मी शिक्का मारणार नाही. मूळ ध्वनिमुद्रण कुणी केलं होतं, ठाऊक असेल तर सांगा.”

मग मागून किराणा दुकानदार म्हणाला, “घरच्यालाही परतच पाठवतो हा. मला वाटलं, माझ्यावरच डोळा आहे.” लोक हसले आणि जरा मोकळे झाले.

तेवढ्यात गुरवीण पदर सावरत उठली. “ते रडणारं कार्टं आमचं आहे,” ती म्हणाली. “ते भोकाड मी पाण्याखालून ओळखीन.”

“अजून तसंच रडतं, परीक्षेच्या दिवशी,” कुणीतरी पुस्ती जोडली.

गुरविणीला सगळं आठवलं. तिचा धाकटा दीर नभोवाणीत नोकरीला. बारशाला येताना तो तिथलं चांगलं यंत्र घेऊन आला होता. नातेवाइकांना त्याने लहान करून फोनवर पाठवलं, आणि यंत्रातलं मूळ कार्ड वहिनीच्या हाती देऊन बाळाच्या वस्तूंत ठेवा म्हणाला. कोठीवाल्याने आधी का नाही सांगितलंस म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, “तुमच्याकडे बायकोचं गाणं नसेल, हे कुणाच्या मनात येईल? आणि आज तुम्ही शिक्का मारला असता, तर मी म्हटलं असतं, अस्सल कोठीत आलंच आहे. कशाला तोंड उघडलं असतं?”

गुरविणीच्या घरी ट्रंकेच्या तळाशी, कुंची-टोपड्यात गुंडाळलेलं ते कार्ड निघालं. नखाएवढं. कोठीवाल्याने ते संगणकात घातलं आणि आधी चित्र काढलं. ते वर वर जात राहिलं, विरळ होत, कुठेही न कापलेलं. मग त्याने आवाज सोडला.

ती वाळू नव्हती. तिच्या बांगड्या होत्या. पाळण्याची दोरी ओढताना दर हेलकाव्याला किणकिणत होत्या, स्वच्छ, एकेक वेगळी. आणि प्रत्येक ओळीआधी ती श्वास घेत होती, तोही ऐकू येत होता.

मेहुण्याने चष्मा काढून पुसला. कोठीवाल्याने शिक्का मारला. मेहुण्याने आणलेली फाइलही त्याने टाकली नाही. तिच्यावर ‘कणी’ असं ठळक नाव घालून वेगळी ठेवली, कारण तिच्यामुळेच वाट सापडली होती.

वर्षाच्या दिवशी सकाळी भोंगे सुरू झाले. आधी सगळ्या गावावर गुरवाच्या पोराचा टाहो घुमला. मिसरूड फुटलेला तो पोरगा देवळामागे पळाला आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग पाळणा सुरू झाला आणि सारं थांबलं. नळाखाली कुणाची तरी कळशी भरून वाहत राहिली.

कोठीवाला दारात उभा राहून ऐकत होता. गाणं संपल्यावर त्याने चहा ठेवला, मेहुण्यासाठी आणि स्वतःसाठी, आणि फार दिवसांनी त्यात आलं किसून घातलं.

तात्पर्य: उण्याला उणंच म्हणावं. त्यावर पूर्णतेचा शिक्का मारला, तर हरवलेलं शोधायला कुणी उठत नाही.