सर्वांत गप्प कोण होतं?

फार फार वर्षांपूर्वी, आफ्रिकेच्या रुंद माळावर माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. त्या माळावर सिंहांचा एक कळप होता आणि तरसांची एक टोळी होती. दोघांचं हाडवैर.

तरसांत कारभार बायकांकडे असतो. या टोळीची कर्ती एक म्हातारी मादी होती, सगळे तिला आक्का म्हणत. आणि आक्का त्या दिवसांत अगदी वैतागून गेली होती.

कारणही तसंच होतं. उन्हाळा लांबला होता. झेब्र्यांचे कळप पाण्यामागे निघून गेले होते, मागे राहिलेला एखादाच सापडे. तरसं जीव तोडून धावत, शिकार पाडत, आणि दोन घास पोटात जातात न जातात तोच सिंह येऊन सगळं बळकावत. ओळीनं चार वेळा असं झालं. बिळात तीन बाळंतिणी होत्या, आक्काची लेक त्यांतलीच. त्यांचं दूध आटत चाललं होतं. पिल्लं आता रडतही नव्हती, नुसती पडून असत.

आणि टोळी काय करत होती? रोज सकाळी जमून सिंहांना शिव्या देत होती.

"आयतोबा मेले," तुटक्या कानाचा एक नर म्हणाला. "म्हणवतात राजे, आणि जेवतात आमच्या ताटात."

"पण त्यांना कळतं कसं?" आक्काची धाकटी बहीण म्हणाली. "आपल्यात कोणीतरी फितूर आहे."

झालं. फितूर कोण, यावर दुपारपर्यंत भांडण.

आक्का मुकाट्यानं उठली. सिंह ज्या बाभळीखाली झोपत, तिच्यापासून थोड्या अंतरावर ती गवतात पोट टेकून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी टोळीनं दूर कुठेतरी शिकार पाडली. वाऱ्यावर रक्ताचा वास आला, तरी कळपातला थोरला सिंह मेल्यासारखा झोपलेला. मग तरसांच्या हसण्याचा गलका ऐकू आला. सिंहाचा एक कान वळला. मग दुसरा. मग तो उठला, त्यानं ऐसपैस आळस दिला आणि सरळ त्या आवाजाच्या दिशेनं चालू लागला.

तरसाची खोडच तशी. खाताना शेजाऱ्यानं ढकललं की त्याला हसू फुटतं. ते आनंदाचं नसतं, पण कोसभर जातं.

आपल्या बाजारातही असे लोक असतातच की. एक कापडवाला होता. समोरचा दुकानदार आपले सगळे नमुने चोरतो म्हणून तो दिवसभर कुरकुरायचा. आणि नवा गठ्ठा आला की दुकानात लावायच्या आधी तो खांद्यावर टाकून सगळ्या पेठेत मिरवून यायचा.

आक्का परतली आणि म्हणाली, "फितूर सापडला. तुमचं तोंड."

मग तिनं बजावलं, "उद्या पहाटे निघायचं. उन्हं तापल्याशिवाय गिधाडं उडत नाहीत, म्हणजे वरून चहाडी व्हायला नको. ढकलाढकली करायची नाही. हाडं फोडायची ती घरी येऊन. चार घास खायचे आणि उरलेलं बाळंतिणींसाठी ओढून आणायचं. आणि हसायचं नाही."

"पण आक्का, मी हसत नाही," तुटक्या कानाचा म्हणाला. "ते आपोआप निघतं."

"मग तोंडात हाड धरून ठेव."

"मग खाऊ कसा?"

आक्कानं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे टोळीनं एका खळग्यात झेब्रा पाडला आणि सगळे जेवायला बसले. कोणी गुरगुरलं नाही, कोणी हसलं नाही. आक्का खळग्याच्या काठावर उभी होती, तिची नजर सिंहांच्या बाभळीकडे होती. तिथे पान हलत नव्हतं. आकाश रिकामं होतं. चार घास सगळ्यांचे झाले, बराच माल अजून शिल्लक होता. आता तो ओढून न्यायचा, एवढंच काम उरलं होतं.

तेवढ्यात तुटक्या कानाचा हळूच म्हणाला, "आक्का, बघितलंत ना? मी एकदाही हसलो नाही."

"तू?" धाकटी बहीण फिसकारली. "घशातल्या घशात दोनदा गुरगुरलास. गप्प होते ती मी."

"तुम्ही शेपटी आपटत होता."

"शेपटीचा आवाज जातो का रे मुडद्या सिंहापर्यंत?"

"खरं गप्प मी होतो," तिसरं एक तरस म्हणालं. "मी तर श्वाससुद्धा धरून ठेवला होता."

कोणीतरी कोणाला तरी ढकललं. कोणीतरी हसलं.

आक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. 'गप्प बसा' हे शब्द तिच्या घशाशी आले. सगळ्या टोळीत तिच्याइतका मोठा आवाज कोणाचा नव्हता. तिनं तोंड उघडलं आणि बाभळीकडे पाहिलं. सिंहाचा एक कान वळला होता.

आक्कानं तोंड मिटलं. पुढे होऊन तिनं झेब्र्याची एक तंगडी तोडली, दातांत धरली आणि ती बिळाच्या वाटेला लागली. मागे वाद वाढत गेला. मग डरकाळी. मग पळापळ. तिनं वळून पाहिलं नाही.

तंगडी तिघी बाळंतिणींनी वाटून खाल्ली. आक्कानं एक घासही तोंडात घातला नाही.

दुपारी टोळी लंगडत परत आली.

"पुन्हा लुटलं मेल्यांनी," तुटक्या कानाचा म्हणाला. "आणि आक्का, तुम्ही आम्हाला एका शब्दानं सावध केलं नाहीत."

"केलं असतं तर सिंह आणखी लवकर आला असता. आणि आक्काच ओरडली, असं सांगत तुम्ही जन्मभर फिरला असता."

"आम्ही मात्र अर्धपोटी राहिलो."

"राहिलात खरे," आक्का म्हणाली. "पण कामाचं बोलू. सर्वांत गप्प कोण होतं, ते ठरलं का?"

तुटक्या कानाच्यानं मान खाली घातली. "नाही," तो म्हणाला. "सिंह मधेच आले."

त्या संध्याकाळी बिळातली पिल्लं किती दिवसांनी पोटभर प्यायली आणि रडायलाही लागली. बाकी सगळी टोळी अर्धपोटी झोपली.

बोध एवढाच, की मिळवलेलं घरी पोचेपर्यंत, ते कोणामुळे मिळालं याचा वाद घालू नये.