दुसऱ्या फेरीत पास

"मग सही का करत नाही, बाई?" निनाद सबनीसचा आवाज चढला तो चढलाच.

ओगलेबाईंनी पत्र मांडीवर ठेवलं. कंपायलर शिकवण्यात त्यांची हयात गेली होती आणि निनाद त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. हुशारीबद्दल कुणालाच शंका नव्हती, त्याला स्वतःला तर मुळीच नाही.

कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषा. निनादनं तपासलेल्या दुभाष्यानं उतरवलेला प्रोग्राम एका इस्पितळातल्या रेडिएशनच्या यंत्रात बसला होता. तिथं डोस चुकला. मेघना दुसाने, वय चौतीस, मंगळवारी गेली. आता चौकशी समितीपुढे निनादला वाचवील असं एकच होतं, चाचणी निर्दोष होती असं बाईंच्या सहीचं पत्र.

"दोन कोटी चाचण्या, बाई! मशीनच प्रोग्राम रचतं, मशीनच त्याचं रूप पालटतं. अर्थ तोच, म्हणजे उत्तरही तेच यायला हवं. सगळ्या पास!"

"पहिल्या फटक्यात?"

"...काही दुसऱ्या फेरीत."

"म्हणजे?"

"अहो, प्रोसेसर समांतर आहे. हजारो हात एकदम कामाला लागतात, एखादा पुढंमागं होतो. उत्तर जुळलं नाही की तीच चाचणी पुन्हा चालवायची. जुळलं की पास. सगळेच असं करतात! रोज उठून भुतं शोधत बसायची का?"

"बाकीच्यांसाठी थांब, असं प्रोग्राममध्ये त्या हाताला सांगितलेलं असतं ना?"

"असतं."

"आणि कंपायलरनंच ते गाळलं तर?"

निनादनं पेन बाईंच्या पुढे सरकवलं.

"अशा दुसऱ्या फेरीतल्या किती?"

"पास झालेल्यांची कसली नोंद ठेवायची, बाई?"

बाईंनी पत्राची घडी घातली. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं निनादचं. तो पुटपुटलाच, "हजारात एखादं चुकतं. एकदा चुकलं म्हणून काय..."

बाई उठल्या. त्यांनी चपला पायांत सरकवल्या.

"कुठं निघालात?"

"मेघनाच्या घरी. तूही चल."

"मी? मी तिथं जाऊन काय करू, बाई?"

बाईंनी पत्र त्याच्या हातात दिलं. सही नव्हती.

"तिला पुन्हा चालव."