भिंतीवरचा दरबार

एका राज्यात, जिथे चित्रांनाही मुजरा करावा लागे, मृगांकसेन नावाचा राजा होता. तिथल्या प्रत्येक चित्रात कुठे ना कुठे राजाची मूर्ती असे. पाहणाऱ्याने ती शोधावी, वाकावे आणि पुढे सरावे, अशी रीत होती.

एकदा कृष्णवर्मा नावाच्या मायावी चित्रकाराने तीन चित्रे आणली.

"यांत आम्ही कुठे आहोत?" राजाने विचारले. तो एकाही चित्रात नव्हता. दरबार चित्रांना हसला.

चित्रकाराने कुंचला झटकला. "ज्याला चित्रात स्वतःवाचून काही दिसत नाही, त्याची रेषा होवो!"

तत्क्षणी राजा आणि दरबार चित्रशाळेच्या भिंतीवर कोळशाच्या रेषा होऊन राहिले. त्यांत वृद्ध द्वारपाल सोमदत्तही होता; सगळे हसले म्हणून तोही हसला होता. रेषा दिवसेंदिवस फिकट होत चालल्या. पौर्णिमेला त्या पुसल्या जाणार होत्या.

सोमदत्ताची कन्या शाल्मली रंगशाळेत रंग खलीत असे. पौर्णिमेच्या सकाळी ती चित्रशाळेच्या दारी आली. तिथे चित्रकाराने बसवलेली साळुंकी पहारा देत होती.

"आलीस, हात न धुताच?" साळुंकी म्हणाली. "तुझ्याआधी सात पंडित आले. सातही भिंतीवर आहेत. तीन चित्रे पाहा. काय दिसते ते नीट सांगितलेस, तर भिंतीवरचे सगळे सुटतील. चुकलीस तर भिंतीवर जागा पुष्कळ आहे."

"जागा असू दे, साळुंकीबाई. चित्र दाखवा."

पहिल्या चित्रात सगळे पाणीच होते. कोपऱ्यात एक इवली होडी.

"पंडित म्हणाले, चित्र अर्धवट आहे."

"पाणी एवढे मोकळे सोडले, म्हणून होडी एकाकी वाटते," शाल्मली म्हणाली. "आणखी एक होडी काढली असती, तर हा नुसता होड्या लागायचा धक्का झाला असता."

साळुंकीने मान डोलावली.

दुसऱ्या चित्रात रणातून परतणारी सेना होती. शाल्मली बराच वेळ उभी राहिली. "सगळे भाले एकीकडे कलले आहेत. त्यांच्या मागोमाग नजर उतरते आणि ओंजळीने पाणी पिणाऱ्या त्या सैनिकापाशी टेकते. जयघोष कडेला राहिला. चित्र तहानेचे आहे."

"खलणारीला कळते की!"

तिसऱ्या चित्रात उंबरठ्यावर एक म्हातारा बसला होता. तीच पाठ, तेच पागोटे. "बाबा!" शाल्मली धावली. धावताच तिची पावले कोळशाची झाली.

साळुंकी हसली नाही. "राजाने स्वतःला शोधले, तू बापाला. भेद काय?"

रेषा गुडघ्यापर्यंत चढली. शाल्मलीने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिले. या वेळी चित्रच पाहिले.

"हे माझे बाबा नव्हेत," ती सावकाश म्हणाली. "हे कुणाची तरी वाट पाहणारे कुणीतरी. त्यांना अगदी कडेला बसवले, कारण उरलेला सगळा पट रस्त्याला हवा होता. उन्हे उतरली आहेत. रस्ता रिकामा आहे. वाट पाहणे त्या रस्त्यात आहे, चेहऱ्यात नाही. किती सुंदर!"

भिंत थरारली. कोळसा झडला, पंडित शिंकत उतरले, राजा उतरला. सोमदत्त गुडघे चोळीत लेकीपाशी आला.

"घरी चला, बाबा."

"थांब, पोरी. ज्याला हसलो, ते मी अजून पाहिलेच नाही."

तो चित्रासमोर जमिनीवर टेकला. मृगांकसेनाने मुकुट काढला आणि द्वारपालाच्या शेजारी मांडी घातली. त्या दिवसापासून त्या राज्यात चित्रापुढे कुणी वाकले नाही; सगळे बसू लागले. त्यांचे डोळे निवले, तसे ऐकणाऱ्यांचेही निवोत.